चाकांवरची पूर्व

"उत्तरेला डोकं करू नको रे, तिकडं जित्या माणसानं निजायचं नसतं," दाजींची आई म्हणायची. आवाज मऊ, पण हात पोराला उशीसकट गर्रकन फिरवून ठेवणारे. ती जाऊन वर्षं लोटली. दाजी धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले, तरी अंथरूण घालताना आधी तो आवाज यायचा, मग झोप.

म्हणून कासू गावच्या घराच्या अंगणात त्यांनी गाडी बांधायला घेतली, तेव्हा सगळ्यात आधी पूर्व बघितली.

गाडी म्हणजे मोटारीमागं जोडून न्यायची, चाकांवरची निजायची खोली. मुलानं, नितेशनं, मोबाइलवर दाखवलेली. पुढून गोल, मागं निमुळती, आडव्या पडलेल्या थेंबासारखी. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. दाजी कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे तर इरलं हाय रे! लावणीत बायका पाऊस अडवायला पाठीवर घेतात ना, ते. कुणीतरी चाकं लावलीत त्याला."

पावसाळा सरला तसे ते त्या इरल्याच्या मागं लागले. प्लायवूड वाकेना, तडकायचं. मग बायकोनं, रंभानं, त्यावर ओली पोती पसरली, वरून कढत पाणी ओतलं, आणि दोघं दोन टोकांना बसून फळी सांगाड्यावर दाबत राहिले. दिवस कलताना फळीनं अंग टाकलं, अलगद वळली. पहिल्यांदा पालथ्या पडलेल्या लेकराकडं बघावं तसे दोघं तिच्याकडं बघत बसले.

तरी एक उत्तर काही मिळत नव्हतं.

"येशील ना गो माझ्यासंगं? मुरूडला, हरिहरेश्वरला?"

"बघू."

"आवडली नाय का?"

"आवडली की."

"मग?"

"वालाला पाणी द्यायचंय," म्हणत ती परड्यात निघून जायची.

सगळ्या संसारात दाजींनी तिला कुठं नेलं नव्हतं. रातपाळ्या, आणि उरलेल्या वेळात शेती. आता वेळ होता, तर ती 'बघू' म्हणत होती. तिच्या एका होकारासाठी तर हा सगळा खटाटोप.

नळीनं पाणी मारून झालं, आत थेंब आला नाही. नितेशच्या सुट्टीला गाडी त्याच्या मोटारीला जोडली. रोह्याला कुंडलिकेच्या काठी रंभाच्या बहिणीचं शेत होतं, तिथवर जाऊन बघायचं ठरलं. फाटक उघडताना रंभा स्वतःशीच गुणगुणली,

चाकावरी घर
निघालं गं दूर
अंगणाचा ऊर
भरुनी ये

नागोठण्याच्या पुढं एका वळणावर दाजींनी मागं वळून बघितलं आणि ते ओरडले, "थांब, थांब! उशा पूर्वेला होत्या!"

"बाबा, अंगणात होत्या. चाकं तुम्हीच लावलीत ना? आता पूर्व काय खिळ्यानं ठोकून ठेवणार?"

रंभा पदर तोंडाला लावून हसली. "सासूबाई असत्या तर गाडीच्या पुढं चालल्या असत्या, होकायंत्र घेऊन." दाजींचा चेहरा मात्र उतरला. खोलीचं सगळं माप त्यांनी घराच्या हिशेबानं घेतलं होतं. घर फिरतं, हे ध्यानातच आलं नव्हतं.

शेतावर पोचल्यावर ते म्हणाले, "आतून कुठं करकरतंय ते कळायला हवं. माझे कान मशिनींनी खाल्ले. रंभा, तू बस आत."

भात कापून नेलेल्या रिकाम्या खाचरातून नितेशनं मोटार पायी चालण्याच्या वेगानं नेली. दाजी बाजूनं चालत होते. टोकाला गाडी थांबली.

"काय गो, वाजतंय कुठं?"

त्यांनी दार उघडलं. रंभा निजली होती. ओठ किंचित उघडे, मूठ सैल. इतकी गाढ की दाजींनी तिला कधी तशी पाहिली नव्हती.

आणि उशी उत्तरेला.

"उठवू?" नितेशनं विचारलं.

"नाय. माणसाला नाय हलवायचं. घर हलवू."

त्यांनी मोटार सोडवली. दोघांनी गाडीचा दांडा उचलला आणि पाळणा वळवावा तसं ते घर तसूतसूनं वळवायला लागले. धसकटं चाकांखाली हलकेच मोडत होती. बगळे उडाले, पुन्हा बसले. नदी सरकली, डोंगराची रांग सरकली, वीटभट्टीचा धूर सरकला, आणि मधोमध एक माणूस निजलेलं राहिलं. दाजींना वाटलं, आपण गाडी फिरवतच नाही आहोत. सगळा मुलूखच तिच्याभोवती पाय न वाजवता फिरतोय. उशी पूर्वेला आली तेव्हा त्यांनी दांडा टेकवला आणि उगाच हात जोडले.

बऱ्याच वेळानं रंभाला जाग आली. कलतं ऊन आता पायांवर होतं.

"ऊन मघाशी कुशीवर होतं नाय?"

"तुला झोप लागली, म्हणून फिरवलं."

"मला? झोप?" ती उठून बसली. हात गादीवर फिरवत राहिली. नितेश नदीकडं चालू लागला.

"तुमची रातपाळी सुरू झाली तशी माझी झोप गेली," ती म्हणाली. "कंपनीत काय झालं तर, म्हणून फाटकाची कडी वाजेपर्यंत पडून राह्यची. तुम्ही ओटीवर घोरायचात, मी आत टक्क जागी. नोकरी संपली, तरी तसंच. सांगितलं असतं तर तुम्ही तेव्हाच नोकरी सोडली असती. आता ह्या एवढ्याशा खोलीत शेजारी जागी राह्यले असते, तर तुम्हाला कळलं असतं ना! म्हणून बघू, बघू म्हणत होते हो. आता विचारा की मुरूडचं."