विमलाबाईंची साठवण

सुगीत हात आखडून खाल्ले की उन्हाळ्यात कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे विमलाबाईंना त्यांच्या सासूने शिकवले होते. धान निघाले की बांबूच्या ढोल्यात भरायचे, तोंड शेणामातीने लिंपायचे आणि पुढे कित्येक महिने तिकडे ढुंकूनही पाहायचे नाही. त्यामुळे आंधळगावच्या त्यांच्या घरावर सोलरच्या पाट्या बसल्या आणि बसवणारा म्हणाला, "उरलेली वीज कंपनीकडे जमा होते, लागेल तेव्हा परत मिळते," तेव्हा बाईंना त्यात नवल वाटले नाही. ढोला दुसऱ्याच्या घरी होता, एवढाच काय तो फरक.

तो भरायचा होता लेकीसाठी. रत्नमालाचे दिवस मे महिन्यात भरत होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, पण तिच्या सासूने, नागपूरच्या रुखमिणीबाईंनी, खोडा घातला. "तुमच्याकडे मे महिन्यात माणूस भाजून निघते," त्या फोनवर म्हणाल्या. "इथे एसी हाये. पोरीचे हाल कायले करता?"

विमलाबाईंना ते चांगलेच झोंबले. "आमच्याकडेबी रातदिवस एसी चालन," त्या म्हणाल्या. "पाठवा तुम्ही."

मग हिवाळाभर घरात बाईंचे राज्य. गिझर बंद. त्यांचे यजमान बाबुलाल जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सरकारी क्वार्टरच्या सुखाला सोकावलेले. ते आता भल्या पहाटे अंगणातल्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसू लागले.

"डोक्यावर वीज पिकून राहिली अन् मी धूर खाऊन राहिलो."

"उन्हाळ्यात माझं नाव काढसान," बाई म्हणत.

बिलावरचा जमा युनिटांचा आकडा महिन्यागणिक फुगत होता, आणि त्याबरोबर बाईही. एसी आला, मधल्या खोलीत बसला. तो लावून पाहायचीही कोणाची टाप नव्हती.

एप्रिलच्या बिलावर त्या आकड्याच्या जागी शून्य होते.

दोघे मोहाडीच्या वीज कार्यालयात गेले. तिथला बाबू भला माणूस. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि नियम सांगितला. मार्चअखेर वर्षाचा हिशेब बंद होतो. उरलेले युनिट कंपनी विकत घेते, पैसे बिलात वळते होतात, आणि एप्रिलपासून पाटी कोरी. भाव मात्र तुम्ही आमच्याकडून घेता त्याच्या निम्मासुद्धा नाही.

"पण मी विकले कुठी जी?" विमलाबाई म्हणाल्या. "मी तर ठेवाले देल्ले होते."

"काकू, वीज ठेवता येत नाही. तुम्ही दिली ती तेव्हाच कोणाच्या तरी घरी जळली."

"त्याईच्याकडून कोणता भाव घेतला?"

"पूर्ण," बाबू म्हणाला आणि उगाच संगणकात डोके घालून बसला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. नियम त्याने केला नव्हता, आणि ज्यांनी केला त्यांचा मोहाडीत पत्ता नव्हता.

परतताना बसमध्ये बाबुलाल म्हणाले, "पोरीले सांगून देऊ. कूलरवर भागवून घेईन ते."

"सांगाचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त होता.

मे महिन्यात रुखमिणीबाई स्वतः सुनेला पोचवायला आल्या. मधल्या खोलीत गारव्याला बसल्या, चहा प्याल्या. "बरं हाये बाई तुमचं," निघताना म्हणाल्या, "फुकटची वीज." विमलाबाईंनी हसून त्यांना बसपर्यंत पोचवले.

एसी दुपारीही लागे. तो रात्रीही चालवायचा, तर दिवसा पिकलेली वीज जमेल तेवढी वाचवून नव्या वर्षाच्या खात्यात टाकायला हवी. म्हणून ओसरीवरचा पंखा बंद असे. एका दुपारी रत्नमाला पाणी प्यायला बाहेर आली, तर आई घामाने निथळत बसलेली.

"आई, तू काहून इथी बसून राहिली? बिलाची भीती हाये का? बंद करतो मी एसी."

"बिल कायचं व? हिवाळाभराचं जमा हाये. बाळ रांगाले लागेपर्यंत पुरते. जाय, झोप."

रत्नमाला आत गेली. गारवा निसटू नये म्हणून बाईंनी दार ओढून घेतले.

बाबुलाल भिंतीला टेकून पुठ्ठ्याने वारा घेत होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते थोडे सरकून बसले आणि पुठ्ठा बायकोच्या दिशेने हलवू लागले.