माझ्या अंगावरचं एल्मर्टन

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे, पण इथल्या मातीतली नव्हे. माझा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एल्मर्टन नावाच्या छोट्या शहरात झाला. छोटं म्हणजे आपल्या शेवगावाएवढंच म्हणा. ते अख्खं शहर माझ्या अंगावर शिवलेलं आहे, याचा मला मोठा अभिमान वाटतो.

१९३८ सालच्या हिवाळ्यात तिथल्या चर्चमधल्या बारा बायकांनी मला शिवलं. बाहेर गुडघाभर बर्फ असे. प्रत्येकीने घरातले जुने कपडे आणले होते. कुणाचा झगा, कुणाच्या नवऱ्याचा सदरा, पिठाच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा. असे तीस चौकोन जमले. पहिल्या चौकोनात नदी उत्तरेकडून येते आणि घोड्याच्या नालासारखी वळते. त्या वळणावर १८४८ साली एका नावाड्याने घर बांधलं आणि शहराची सुरुवात झाली. मग पिठाची गिरणी, चुनखडीची टेकडी, मक्याची शेतं, रेल्वेचं स्टेशन. एका चौकोनात लाल दोऱ्याच्या ज्वाळा आहेत. त्या आगीत लाकडी बाजारपेठ जळून गेली. शेजारच्याच चौकोनात तीच पेठ विटांची होऊन उभी आहे. बायकांना त्या चौकोनाचं फार कौतुक होतं.

चर्चने पाठवलेल्या मलमपट्टीच्या सामानाबरोबर मी बोटीने इकडे आले आणि नगरच्या पूर्वेला एका छोट्या मिशनच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात कामाला लागले. किती बाळंतिणींना मी ऊब दिली, किती तापाने कुडकुडणाऱ्या अंगांवर पडले, त्याची मोजदाद नाही. पुढे नवी लोकरी ब्लँकेटं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे उंदरांनी माझं रेल्वे स्टेशन कुरतडलं. मी बरीच वर्षं अंधारात पडून होते.

१९७२ साली दुष्काळ पडला. वॉर्ड भरून गेला, पांघरुणं कमी पडली, तेव्हा रेबेका सिस्टरना माझी आठवण झाली. त्यांनी मला उन्हात टाकलं, झटकलं आणि मनकर्णाबाईंच्या अंगावर घातलं.

मनकर्णाबाई पाथर्डीकडच्या. दुष्काळी कामावर दगड घरंगळून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन टांगून तीन महिने उताणं पडून राहायचं होतं. आढ्याकडे बघून कंटाळल्या, तशा त्या माझ्याकडे बघू लागल्या.

"सिस्टर, ही नदी कुठली वो?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

माझ्याबरोबर आलेली माहितीची चिठ्ठी सिस्टरांनी शोधून काढली. मग रोज एक चौकोन असा धडा सुरू झाला. मनकर्णाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं त्या विसरत नसत. शेजारच्या खाटेवरची गोजरबाईही कान देऊन ऐके. डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आहे, त्यावर चुलीच्या धुराची नुसती रेघ आहे. तिथे मनकर्णाबाई थांबल्या.

"हितं माणसं न्हाईत?"

"नावाड्याच्या आधी तिथे मूळ लोक राहत होते," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना तिथून हुसकावून लावलं."

"मग शहर त्यांच्यापासनं मोजाया पायजे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि बराच वेळ त्या चौकोनावर हात ठेवून राहिल्या.

१९७३च्या जानेवारीत एल्मर्टनहून एडिथ नावाच्या साठीच्या बाई दवाखाना पाहायला आल्या. मला शिवणाऱ्या बारा जणींमध्ये त्या सर्वांत लहान होत्या. त्या कोण हे सिस्टरांकडून कळताच मनकर्णाबाईंनी बोट ठेवत ठेवत त्यांचंच शहर त्यांना सांगितलं. नदी कुठून येते, आग कुठवर गेली, आधी तिथे कोण होतं. सिस्टर इंग्रजीत सांगत होत्या. एडिथबाई खाटेच्या कडेवर बसल्या, त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

पण एडिथबाई मला न्यायला आल्या होत्या. शहराला सव्वाशे वर्षं होत होती आणि तिथल्या संग्रहालयाला मी हवी होते. डॉक्टर म्हणाले, "तुमचीच वस्तू आहे, खुशाल न्या."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "तिथं कुनाच्या अंगावर घालनार का हिला?"

"नाही, काचेच्या पेटीत ठेवणार," सिस्टरांनी विचारून सांगितलं.

"मग नेता कशाला? त्यांला शहर बघायचं तर दारात हायेच की. आमाला एवढंच दिसतंय."

एडिथबाई थोडा वेळ माझी कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

"आमचं गाव न्या," मनकर्णाबाई म्हणाल्या.

एडिथबाईंना ते पटलं. बाकीचे दवाखाने पाहून त्या तीन आठवड्यांनी परत येणार होत्या. तेवढ्यात गाव शिवायचं होतं. गोजरबाईने जुनी लुगडी फाडली, टाका घालायला पाच-सहा जणी बसल्या. मनकर्णाबाईंचे पती कानिफनाथ भेटायला आले, तर त्यांच्यावर प्रश्नांचा मारा झाला. गावात पयलं घर कुनाचं? बारवेला पायऱ्या किती?

"ह्ये आजवर कुनी इचारलंच न्हाई," ते डोकं खाजवत म्हणाले. पण गावी जाऊन त्यांनी पायऱ्या मोजल्या, म्हाताऱ्यांना विचारलं आणि पुढच्या बाजारी सगळं सांगायला आले. डोंगर, बारव, खडी फोडणाऱ्या बाया, सगळं त्या गोधडीवर आलं. नदी मनकर्णाबाईंनी स्वतः शिवली, तपकिरी लुगड्याच्या तुकड्याची.

ती गोधडी एल्मर्टनला गेली. मी इथेच राहिले.

काही महिन्यांनी पत्र आलं. गोधडी तिथल्या नगरभवनात लावली होती आणि एका वर्गातल्या मुलांनी विचारलं होतं, 'नदीचा रंग चुकला आहे का?' मनकर्णाबाई तोवर काठी टेकत घरी गेल्या होत्या. सिस्टर जीपने त्यांच्या गावी गेल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

"लिवा त्यांला," मनकर्णाबाई म्हणाल्या, "रंग चुकला न्हाई. ह्या साली आमची नदी आशीच हाय."

मित्रांनो, आता माझे टाके उसवताहेत. जमलं तर सुईदोरा घेऊन बसा, ओल आली तर उन्हात घाला. पण जपायचं म्हणून मला पुन्हा कपाटात मात्र ठेवू नका. ज्याला थंडी वाजते आहे, त्याच्या अंगावर घाला, आणि तो जागा असेल तर एखादा चौकोन त्याला सांगा.