पाण्याचं बोट

मित्रांनो, मी एक जुनं पत्र आहे. निळं, घड्यांवर विरलेलं, पन्नाशी ओलांडलेलं. एकाहत्तर सालच्या लढाईत सुधाकर नावाच्या जवानानं सीमेवरच्या खंदकात मला गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं लिहिलं.

पत्त्यावर नाव मात्र त्याच्या वडिलांचं, गोपाळरावांचं. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. मुक्काम देवास गेट, उज्जैन. त्या काळी बायकोला लिहायचं पत्रही सासऱ्यांच्या नावानं जायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जायचं. म्हणून माझ्या पोटात चारचौघांत चालेल असाच मजकूर होता. तब्येत, थंडी, घरच्या गाईची चौकशी. बायकोसाठी, म्हणजे विनोदिनीसाठी, त्यानं तीनच ओळी लिहिल्या आणि त्याही डिंकाची पट्टी जिथे चिकटते तिथे, पट्टीखाली. पत्ता कुणाचाही असो, घरात पत्र उघडायचं काम तिचं. पाण्याचं बोट फिरवून ती पट्टी अलगद सोडवायची, हे त्याला ठाऊक होतं.

लढाई लागल्यापासून गोपाळराव स्वतःच पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसतात, हे मात्र त्याला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी मला ब्लेडनं कडेकडेनं कापलं. फार व्यवस्थित माणूस. पट्टी चिकटलेलीच राहिली.

दाराआडून विनोदिनीनं सगळं ऐकलं. गाईची चौकशी होती, तिची नव्हती. तरी तिनं मला ट्रंकेत जपून ठेवलं.

सुधाकर सुखरूप परतला. पुढे बँकेत लागला, संसार झाला. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी बोलून दाखवलं नाही. दोघंही समजूतदार होती, पण या एका बाबतीत मला त्यांचा राग येतो.

गेल्या वर्षी सुधाकर गेला. परवा वर्षश्राद्धाला विनोदिनी नातीला, अपूर्वाला, घेऊन राम घाटावर आली. माझ्या माथ्यावर ‘श्री’ लिहिलेलं आहे. असा कागद कचऱ्यात टाकत नाहीत, क्षिप्रेत सोडतात. तिनं मला पाण्यात धरलं.

“आजी, रुक ना,” अपूर्वा म्हणाली. “ही पट्टी खुलतेय. अंदर काही लिहिलंय.”

“चष्मा घरीच राहिला. तू वाच. जोरात नको.”

अपूर्वानं हळू आवाजात वाचलं. ‘विनू, तुझं कॉलेज सुटलं ते मनाला लागलं आहे. मी आलो की दादांशी बोलतो, तू पुन्हा जा. कबूल असेल तर उत्तराच्या कोपऱ्यात हळदीचं बोट लाव.’

विनोदिनी मला घेऊन पायरीवर बसली.

“उत्तर लिहिलं होतं मी,” ती म्हणाली. “तब्येतीला जपा, बस इतकंच. त्यांना वाटलं असेल, हिला शिकायचंच नाही.”

मला नदीत न सोडता तिनं पदरात गुंडाळून घरी आणलं.

मित्रांनो, कुणाचं पत्र आलं तर घाईनं कापू नका. आणि पत्रात आपलं नाव नाही म्हणून गप्पही बसू नका. विचारा. मी अर्धं शतक तोंड मिटून काढलं, मला याची किंमत कळते.

घरी विनोदिनीनं मला खिडकीत वाळत घातलं. मग स्वयंपाकघरातून डबा आणला आणि माझ्या कोपऱ्यात हळदीचं बोट लावलं.