मास्तरांचं आजारपण

मास्तरांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते पडद्याच्या अलीकडे बसून एका पँटला हुक लावत होते. झटका आल्याचं त्यांना कळलंही नाही. कळणार कसं? तो आला होता पडद्याच्या पलीकडे, त्यांच्या थोरल्या मुलीच्या लॅपटॉपवर, तिने कॉलेजच्या मॅडमना पाठवलेल्या ईमेलमध्ये.

घर म्हणजे एक लांबट खोली आणि मधोमध पडदा. अलीकडे शिलाईचं मशीन, कापडं बेतायचं टेबल, उभा आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. पलीकडे पलंग, पुस्तकांचं कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा. आई दिवसभर खोक्यांच्या कारखान्यात, धाकटी शाळेत, त्यामुळे घरात ही दोघंच. मास्तर म्हणजे शिंप्याला म्हणतात तसे मास्तर. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती. पण आपली चिमी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला कंबरेचं माप देता देता ऐकावंच लागे. टेप कंबरेभोवती असल्यावर माणूस पळणार कुठे?

या वर्षी चिमीचं सगळं शिक्षण घरूनच, लॅपटॉपवर. पहिल्याच दिवशी मास्तरांनी जाहीर करून टाकलं की दहा ते दोन मशीन बंद. त्या चार तासांत ते काज-बटणं करत, तुरपाई करत, जे काही हाताने होईल ते करत. कुणी गिऱ्हाईक मोठ्याने बोललं तर ओठांवर बोट ठेवत आणि पडद्याकडे मान करून दबक्या आवाजात सांगत, ‘‘कॉलेज चालू आहे.’’ अकरा वाजता चहा घेऊन आत यायचे ते कमरेत वाकून, जवळजवळ रांगत. आपण कॅमेऱ्यात दिसलो तर पोरीला कमीपणा यायचा, असं त्यांचं म्हणणं. पाठीचं दुखणं जुनं, तरी रोज तसेच येत, कप पलंगाच्या कडेला ठेवत आणि तसेच मागे जात.

कॅमेरा दोन महिने बंद होता, हे त्यांना कोण सांगणार?

सुरुवातीचे दिवस बरे गेले होते. मग एकदा मॅडमनी तिला प्रश्न विचारला. चिमीने माइक चालू केला आणि डोकं साफ कोरं झालं. स्क्रीनवर ऐंशी चौकोन, एकातही हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात कुणीतरी हसलं. कदाचित ते आपल्याच घरातल्या कुणाला हसलं असेल, माइक बंद करायला विसरलं असेल, पण ते हसू तिच्या कानात बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवसापासून ती दहाला लॉगिन करून हजेरी लावायची, आवाज बंद करायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. बघायच्या राहिलेल्या तासांचा आकडा तीसवर गेला, मग चाळीसवर. लॅपटॉप उघडला की छातीत धडधड व्हायची आणि बंद केला की जास्तच. आळशी म्हणाल तर ती आळशी नव्हती. शाळेत पहिली यायची. म्हणूनच आपल्याला काहीएक कळत नाही, हे तिला कुणापुढे बोलता येईना.

असाइनमेंटची तारीख आली तेव्हा तिने आधी लिहिलं, ‘मला बरं नाही.’ मग ते खोडलं. काय दुखतंय म्हणून विचारलं तर सांगायचं काय? ताप नाही, खोकला नाही. वडिलांचं लिहिलं की कुणी फार खोलात जात नाही. तिने ते लिहून टाकलं.

मॅडमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘असाइनमेंटचा विचारसुद्धा करू नकोस. आधी बाबा.’ वर्गातल्या मुलांना कळलं. ज्यांचे चेहरे तिने कधी धड पाहिले नव्हते त्यांनी आपापल्या नोट्स पाठवल्या. एका मुलीने लिहिलं की तिचे वडील गेल्याच वर्षी गेले, काही लागलं तर केव्हाही फोन कर. ते वाचून चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आठ दिवसांनी पुढची तारीख उजाडली तेव्हाही वही कोरीच होती, आणि तिने वडिलांची अँजिओप्लास्टी करून टाकली. त्याच सकाळी मास्तर चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त घेऊन आले होते. ‘‘डोकं चालवायचं तर पोटात काही पाहिजे,’’ असं कुजबुजून वाकत वाकत परत गेले.

गुरुवारी पावणेबाराला मास्तरांचा फोन वाजला.

‘‘हॅलो, टेलर मास्तर बोलतोय... कोण? अरे वा, मॅडम! नमस्कार, नमस्कार.’’

चिमी पलंगावर ताडकन उठून बसली. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा नंबर द्यायचा होता. तो तिने स्वतःच्या हाताने भरला होता, दोन वर्षांपूर्वी. पडद्याकडे धावावं, फोन हिसकावून घ्यावा, असं वाटलं, पण ती पलंगावरून हललीच नाही.

‘‘कसला त्रास?’’ मास्तर म्हणत होते. ‘‘कुणाला... मला?’’

फोनमधून मॅडमचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आता हे हसणार, म्हणणार मी तर ठणठणीत आहे, कुणी सांगितलं तुम्हाला? आणि मग सगळं संपणार. परीक्षा, वर्ष, विद्यापीठ, आणि आरशासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलेली ती कौतुकं.

‘‘हो हो,’’ मास्तर म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. ‘‘आता बरा आहे. घरी सोडलंय.’’ ते खोकले. मुद्दाम, वाईट खोकले. हृदयाच्या माणसाने खोकायचं कशाला, हेही त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. ‘‘पोरीने फार केलं माझं, मॅडम. रात्रंदिवस उशाशी बसून होती. तिचा अभ्यास माझ्यामुळे राहिला. तिला तेवढं सांभाळून घ्या.’’

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं हे चिमीला तेव्हा कळलं. तिने उशीत तोंड खुपसलं.

पडदा बाजूला झाला. आज मास्तर वाकून आले नाहीत, सरळ चालत आले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, हातात मापांची वही. ते पलंगाच्या टोकाला बसले. चिमी थप्पड खायच्या तयारीत होती. खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल जिभेला लावली.

‘‘मला काय झालं होतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बाबा...’’

‘‘नीट सांग. त्या परत फोन करणार आहेत म्हणाल्या. तू एक सांगशील, मी दुसरं, मग पंचाईत व्हायची. झटका कधी आला?’’

‘‘मागच्या महिन्यात. नऊ तारखेला.’’

त्यांनी लिहिलं. वरच्या पानावर कुणाच्या तरी कंबरेची आणि उंचीची मापं होती, खाली वडिलांचा झटका, त्याच ठसठशीत अक्षरात.

‘‘हॉस्पिटलात किती दिवस होतो?’’

‘‘अकरा.’’

‘‘ऑपरेशनचं काहीतरी म्हणत होत्या. काय ते नाव?’’

‘‘अँजिओप्लास्टी.’’

‘‘अँ... जि...’’ पेन्सिल अडली. ‘‘सावकाश सांग.’’

‘‘बाबा, नका ना लिहू!’’

‘‘का? मग मी काय सांगायचं होतं त्यांना?’’ मास्तर पहिल्यांदाच चिडले, तेही दबक्या आवाजात, दहा ते दोनची सवयच होती. ‘‘बाई इतक्या मायेनं विचारत होत्या, तब्येत कशी, पथ्यपाणी काय. माझी पोरगी खोटारडी आहे, असं सांगू त्यांना? माझ्या तोंडानं?’’ मग म्हणाले, ‘‘मशीनचा आवाज येत होता का तुला? सकाळी कधी दहा-पाच मिनिटं उशीर व्हायचा बंद करायला. त्यानं झालं का हे?’’

चिमीला आता रडू आवरेना. ‘‘मशीनमुळे नाही हो. कशामुळेच नाही. मला काही कळतच नाही तिथे. मी ऐकतच नाही. दोन महिने मी नुसती पडून आहे इथे.’’

‘‘इथे?’’ मास्तरांनी पलंगाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. कॅमेऱ्यावर कागदाचा चिटकवलेला तुकडा त्यांना आज दिसला. त्यांचा हात नकळत पाठीकडे गेला आणि त्यांनी कंबर दाबली. चिमीने मान खाली घातली. तिला ते बघवेना.

तिने त्यांच्या मांडीवरची वही ओढली, ते पान फाडलं आणि फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. मास्तर नको नको म्हणत राहिले तोवर मॅडमनी उचललाही.

‘‘बोल बाळा. आत्ताच बाबांशी बोलले मी. थकलेले वाटले गं.’’

‘‘मॅडम, बाबांना काही झालेलं नव्हतं.’’ एवढं बोलल्यावर पुढचं भराभर बाहेर पडलं, रडत, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. प्रश्न, ते हसू, बंद कॅमेरा, कोरी वही. ‘‘ईमेल मीच लिहिले. सगळं खोटं होतं. परीक्षेला बसू देऊ नका मला, पण ते खोटं होतं.’’

‘‘मग मघाशी माझ्याशी कोण बोललं?’’ मॅडमनी विचारलं.

चिमीने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. मास्तरांनी तिच्या हातातून फोन घेतला. आधी ते पलंगावरून उठले, सदरा नीट केला आणि ताठ उभे राहिले. समोर पाहायला कुणी नव्हतं.

‘‘मीच होतो, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘तिचा बाप. खोकलो तेही खोटंच. माफ करा.’’