बिननावाचं झाड

माझे यजमान चारुदत्त वणीच्या कॉलेजात तीस वर्षं वाणिज्य शिकवत होते. निवृत्त झाले आणि महिनाभरात वैद्य झाले. पदवी मोबाईलनं दिली.

मुकुटबनजवळ आमचं थोडं शेत आहे. दिवाळीनंतर तिथल्या बांधावर यांना एक काटेरी झुडूप दिसलं. जांभळं फूल, वांग्यासारखं पान, बोराएवढी हिरवी फळं. यांनी फोटो काढला. मोबाईल म्हणाला, रिंगणी, औषधी वनस्पती. झालं!

कापूस वेचणारी मानीबाई जवळच होती. "साहेब, हे रिंगणी नोहे. ते भुईले चिपकून राह्यते. याले बकरीबी तोंड लावत नाही."

"बकरीला काय कळतं?" हे म्हणाले.

"मग याचं नाव काय?" मी विचारलं.

"जे खात नाही, त्याले नाव कायले ठेवाचं, बाई?"

नापास मुलाचा पेपर तपासताना हसायचे तसे हे हसले.

घरी येऊन दहाबारा फळं मिक्सरमधून काढली, मध घातला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला : 'मधुमेहावर रामबाण.' अर्धा पेला माझ्यापुढे केला.

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत ओकाऱ्या, जुलाब. मग "पंखे दोन दिसताहेत" म्हणाले, तेव्हा मात्र मी घाबरले. शेजारच्या सलीलनं गाडी काढली.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणीपुरी," हे म्हणाले. हाताला सलाईन, डोळे तारवटलेले, आणि तरी हे! मी उरलेल्या फळांची पिशवी टेबलावर ठेवली.

"कच्चीच खाल्ली? थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घरी आले. चहाच्या आधी मोबाईल. 'एका विषारी वनस्पतीचा मी स्वतःवर केलेला प्रयोग.' लोकांनी भराभर हात जोडले. मानीबाईचं नाव कुठेच नव्हतं.

मी खाली लिहिलं : 'शेतातल्या मानीबाईनं आधीच बजावलं होतं. यांनी ऐकलं नाही. परवाचा रामबाण कोणीही घेऊ नका.'

दहा मिनिटांत उमरखेडहून यांच्या मावसभावाचा, नीळकंठभाऊजींचा फोन आला. "वहिनी, मी तशीच फळं तोडून आणलीत. उद्या सकाळी घेणार होतो."

"फेकून द्या. हात साबणानं धुवा."

"कोणाचा फोन?" आतून यांनी विचारलं.

"तुमच्या पेशंटचा," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.