इरावतीच्या सीटसाठी

आमच्या घराण्यात कीर्तनाची बिदागी घेत नाहीत. धारच्या राममंदिरात आधी यांचे आजोबा उभे राहायचे, मग सासरे, आता हे. गाडीभाडं आणि एक नारळ घ्यायचा, आरतीच्या तबकात पडेल ते देवाचं. पोट शाळेतल्या नोकरीवर. खरं सांगायचं तर मी या घरात आले ती यांचं कीर्तन ऐकूनच. अजूनही हे पूर्वरंगाला उभे राहिले की समोर आपला नवरा आहे हे मी विसरून जाते.

म्हणून आषाढात एक दिवस जेवताना हे म्हणाले, "देवासला भैयासाहेबांच्या पंच्याहत्तरीचं कीर्तन घेतलंय," तेव्हा मला आनंदच झाला. मग खाली बघत हे पुढे म्हणाले, "एक्कावन्न हजार देतायत."

मी पोळी वाढायची थांबले.

आमच्या इरावतीला इंदूरच्या एका कॉलेजात एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगची सीट मिळाली होती. गल्लीतल्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात पिवळं येतं, ते का येतं हे दहावीपासून तिच्या डोक्यात. पहिल्या वर्षाच्या फीला पन्नासेक हजार कमी पडत होते, पुढच्या वर्षांना बँकेचं कर्ज होणार होतं. फी सोमवारी भरायची होती.

"बँकेला आणखी थोडं मागू," मी म्हटलं.

"बँकेचं तिला फेडावं लागेल, सरला. हे माझ्याकडून."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं देवासला पोचलो. भैयासाहेब जुन्या दरबारी घराण्यातले, मोठे प्रेमळ. मांडवात दोनशे माणसं. हे बाहेर फेटा बांधत होते. इरावतीला यांच्यामागे पेटीची साथ करायची होती. तोवर भैयासाहेबांची नात अनन्या आम्हाला आत चहाला घेऊन गेली. तिनं हीच डिग्री घेतलेली, तीन वर्षं नोकरी करत होती. इरावती तिच्याजवळ सरकून बसली.

"ताई, काम कसं असतं हो?"

"सच बोलूं?" अनन्या हसली. "फॅक्टरीतल्या गंद्या पाण्याचा प्लांट आहे. दिवसभर रीडिंग लिहायची, साहेब सही करतात. माझ्या बाजूला बीएस्सी झालेला मुलगा बसतो, तोही तेच करतो. काम मला आवडतं, वो अलग बात है."

"आणि पगार?"

"अठरा हजार. चार वर्षांत हॉस्टेल धरून आठ लाख लागले माझे. आजोबा म्हणतात, हाथखर्च निकल जाता है ना, बस." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घराला माझ्या पगाराची गरज नाही म्हणून मी हे करू शकते. कर्ज काढून नका करू. सिव्हिल घ्या, नाहीतर धारमधूनच साधी बीएस्सी करून पुढे स्कॉलरशिपवर एमटेक. सरकारी जागा निघतात, पण किती निघतात?"

इरावतीनं कप खाली ठेवला. "आई, बाबांना सांग, पैसे घेऊ नका म्हणावं. मला नको ती सीट."

मी लगबगीनं बाहेर गेले. तबला लावून झाला होता, हे उपरणं सारखं करत होते.

"अहो, ऐकता का, पैसे नका घेऊ."

"माझं ठरलंय," हे हळूच म्हणाले. "आता इथं नको बोलूस, लोक बसलेत."

"तसं नाही हो, इरा म्हणते—"

"इरा काय म्हणणार. तिला माझी दया येते." आणि हे पुढे झाले.

आख्यान सुदाम्याचं होतं. हे सुदामा लावतात तेव्हा मी डोळे मिटून बसते. फाटक्या उपरण्याचा तो ब्राह्मण एवढ्या लांब मित्राच्या दारी जातो आणि काही न मागता परत फिरतो, ते हे असं गातात की बायका पदर डोळ्यांना लावतात. मध्यंतरात भैयासाहेबांनी यांना बुक्का लावला, हार घातला आणि पाकीट दिलं. यांनी ते पेटीवर ठेवलं. इरावतीनं हात बाजूला घेतला.

उत्तररंगात सोन्याची द्वारका आली, कृष्णाची मिठी आली. यांचा आवाज असा लागला होता की भैयासाहेबसुद्धा पुढे सरकून बसले. आणि तिथं यांनी चिपळ्या थांबवल्या, भैयासाहेबांकडे हात केला आणि म्हणाले, "असा दाता आज पाहायचा असेल, तर मंडळी, द्वारकेला जायला नको. देवासला या."

टाळ्या पडल्या. मी इरावतीकडे पाहिलं.

कीर्तनाच्या जागी उभं राहून माणसाची स्तुती करायची नाही, हे सासऱ्यांनी यांना पहिला फेटा बांधतानाच सांगितलं होतं. खुद्द धारचे महाराज समोर बसलेले असतानाही यांच्या आजोबांनी देवाशिवाय कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पैसे घ्यायचे, पण ते आवाजात येऊ द्यायचे नाहीत, असं यांनी ठरवलं असणार. पेटीचा सूर तुटला. यांनी मागे वळून पाहिलं नाही. दोन मात्रांनी इरावतीनं सूर परत धरला आणि आरतीपर्यंत मान वर केली नाही.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले. देवास मागे पडलं. मग हे म्हणाले, "अनन्यानं काय सांगितलं गं, इरा? पगार बरा मिळतो ना?"

माझ्या ओठांवर आलं होतं. इरावतीनं माझा हात दाबला.

"पंचेचाळीस, बाबा. सुरुवातीलाच."

"पंचेचाळीस," हे म्हणाले. पुढच्या सीटवरच्या माणसाला खांद्यावर थोपटून म्हणाले, "बिटिया इंजीनियर बन रही है, भिया." तोही भला माणूस, वळून म्हणाला, "वाह भिया, मिठाई खिलाओ फिर."

इंदूरला बस बदलायला उतरलो. हे पाणी आणायला गेले तशी मी इरावतीला धरलं.

"खोटं का बोललीस? पैसे परत करू. रागावतील भैयासाहेब, रागावू देत."

"पैसे परत होतील गं आई." ती यांच्या पाठीकडे बघत होती. "पण सीट घेतलीच नाही, तर मग बाबा आज मांडवात ते कशासाठी बोलले?"

हे बाटली घेऊन आले, सोबत भाजलेल्या शेंगा. इरावतीनं डोळे पुसले आणि शेंगा सोलून यांच्या हातावर ठेवत राहिली.

धारच्या बसमध्ये ती पुढे बसली. हे माझ्या कानाशी आले.

"मंदिरात पुजारीबुवांना निरोप दे. एकादशीला दुसरं कोणी बघा म्हणावं."

"आवाज बसलाय का?"

"आवाज चांगला आहे." यांनी उपरण्याची घडी मांडीवर ठेवली. "त्या जागी आता उभं राहवणार नाही, सरला. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. पोरीचं तर झालं ना?"

पुढच्या सीटवर इरावतीची मान ताठ झाली. तिनं ऐकलं होतं.

"झालं हो," मी म्हटलं.