पहिली लाही

"आये, तू जरा आत जा. सारखी मधी येतेस," मोबाईल स्टँडवर बसवत अल्पेश म्हणाला.

कोकिळाच्या हातात सांडशी होती. चुलीवर लोखंडी कढई, कढईत चाळलेली समुद्राची वाळू, आणि वाळूत तोंड खुपसून तापत असलेला कनेक्टिंग रॉड. बाजूला मासळीच्या बर्फात पिस्टनची पिन गारठत होती. तापलेलं तोंड फुगतं, गारठलेली पिन आकसते; तेवढ्या एका श्वासात ती त्या तोंडात लोटायची. अडली की अडली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. रघूने पनवेलच्या ऋत्विककडे पाहिलं. शर्यतीच्या जीपचं इंजिन बांधून घ्यायला तो रघूमिस्त्रीचं नाव ऐकून बोर्लीपर्यंत आला होता.

"जा, च्याचं बघ," रघू म्हणाला.

ती सांडशी ठेवून आत गेली.

लग्न होऊन ती आली तेव्हा रघूच्या पिना अर्ध्यातच रुतायच्या. गॅसच्या ज्योतीवर रॉड एक तर करपायचा, नाहीतर कच्चा राहायचा. वाळू आणली कोकिळाने. तिच्या माहेरी भाताच्या लाह्या भाजत, आणि भाजता भाजता आई म्हणायची,

पहिली गं लाही फुटे, तिला माहेराची घाई
दुसरी फुटे धीराची, तिने चूल धरली बाई

पहिल्या लाहीला भुलायचं नाही. तापत्या वाळूत भाताचा दाणा टाकून बघायचा; तो टेकताच उडाला, की कोकिळा "हां" म्हणायची, सांडशीने रॉड पिस्टनमध्ये धरायची आणि रघू पिन लोटायचा. होड्यांची, ट्रकांची, पंपांची इंजिनं त्या "हां"वर जुळली. रघूला वाळूकडे बघायची गरजच पडली नाही. लोक म्हणत, रघूच्या हाताला यश आहे. तीही तेच म्हणायची.

"ही वाळूची विद्या माझ्या बापाची," रघू मोबाईलकडे बघून सांगत होता.

दारात उभ्या कोकिळाने ते ऐकलं. सासऱ्यांनी जन्मभर दिवेआगरच्या वाड्यांत सुपाऱ्या सोलल्या होत्या. इंजिनाचं पोट त्यांनी कधी उघडं पाहिलं नव्हतं.

रघूने दाणा टाकला. दाणा वाळूवर पडला, निवांत पडून राहिला, मग फुटला. रघूने सांडशी उचलली.

'न्हाय' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि चहात आलं किसायला घेतलं.

पिन अर्धी गेली आणि थांबली. रघूने तळहाताने रेटली, मग हातोडी घेतली. पिन बसते तो पिस्टनचा कान तडकला.

पिस्टनच खोटा निघाला, असं त्याने ऋत्विकला सांगितलं. ऋत्विकने मान डोलावली. अजून तीन आहेत ना, म्हणाला. अल्पेशने चित्रण पुसून पुन्हा मोबाईल लावला. रघू पाणी प्यायला आत आला.

"तुला दिसत व्हतं."

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या बापाची विद्या. मी कोन मधी बोलनार?"

त्याने तांब्या खाली ठेवला. मग बाहेर गेला. त्याने दुसरा रॉड वाळूत रोवला, शेजारी तिचा पाट सरकवून ठेवला, आणि मागे न बघता म्हणाला, "वाळू तापली गं."

कोकिळाने कप भरले. बाहेर दाण्यामागून दाणा तडतडत होता. करपल्याचा वास आत यायला लागला.

ती आतल्या चुलीपाशी खाली बसली आणि पाहुण्यांच्या आधी, सावकाश फुंकर घालत, तिने आपला चहा प्यायला.